तयार होत असलेल्या इंडी गेमविषयी आधीच लिहावे का, आणि लिहावे तर कसे?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. अजून पूर्ण न झालेल्या इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीविना लहान चमूने बनवलेल्या, गेमची मराठीत नियमित ओळख करून द्यावी, असा विचार काही महिन्यांपासून मनात घोळतो आहे. प्रसिद्ध झालेल्या गेमवर मराठीत थोडेफार लिहिले जाते. परंतु स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१३ साली अर्ली अ‍ॅक्सेसची सोय सुरू झाल्यापासून अपुरा गेम विकत घेऊन खेळणे ही नित्याची गोष्ट झाली आहे, आणि फेब्रुवारी, जून व ऑक्टोबर महिन्यांत स्टीमवर होणाऱ्या नेक्स्ट फेस्ट या उत्सवात आठवडाभर इतके डेमो (खेळून पाहायचे मोफत नमुने) एकदम खुले होतात की त्यांतून निवड कशी करावी हेच सामान्य खेळाडूला उमगत नाही. माझ्या ओळखीतली महाविद्यालयातली मुले पाचसहाशे रुपयांचा गेम घेण्याआधी चारचौघांना विचारतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा केवळ ट्रेलर पाहून दिलेली असतात.

माझे मत असे आहे की अपुऱ्या गेमवर निकाल देऊ नये. जे स्वतः खेळून पाहिले तेवढेच लिहावे, आणि निर्माते पुढे जे करणार म्हणतात ते वेगळे काढून आश्वासन म्हणूनच नोंदवावे. पण एवढ्याने भागेल असे वाटत नाही, म्हणून आपणा सर्वांना विचारतो. कोणत्या टप्प्यावरचा गेम लिहिण्याजोगा मानावा? वाचकाला ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ असे सांगावे का? आणि गेम होतकरू आहे हे ओळखायचे कशावरून?

एकओळ्या

पहिला प्रतिसाद माझा. उर्वरित प्रतिसाद पूर्ण आवृत्तीत उपलब्ध होईल.

यार्डमास्तर (भुसावळ)

विषय चांगला आहे. माझी पहिली अपेक्षा अगदी साधी आहे: कोणत्या संगणकावर खेळलात ते पहिल्या परिच्छेदात लिहा. विकासाच्या सुरुवातीच्या टप्प्यात निर्माते गेम वेगवान करण्याच्या मागे लागत नाहीत आणि लागूही नये, कारण जे उद्या काढून टाकायचे आहे ते आज घासूनपुसून ठेवण्यात अर्थ नसतो. त्यामुळे साध्या दिसणाऱ्या द्विमितीय गेमचा डेमोसुद्धा जुन्या लॅपटॉपला घाम फोडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लॅपटॉप आपोआप वेग कमी करतो आणि खेळणाऱ्याला वाटते की गेमच वाईट आहे. ज्याच्याकडे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे अशा माणसाने ‘गेम सुरळीत चालतो’ असे लिहिले, तर इथल्या निम्म्या वाचकांना त्याचा काही उपयोग नाही.

दुसरे असे की वीज गेली तर काय होते हे पाहावे. गेम आपोआप सेव्ह होतो का, होत असेल तर किती वेळाने, आणि नवी आवृत्ती आल्यावर जुनी सेव्ह फाइल चालते का? अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या गेममध्ये मोठ्या अपडेटनंतर जुने सेव्ह निकामी होणे ही वारंवार घडणारी गोष्ट आहे, आणि ती इंग्रजी प्रीव्ह्यूंमध्ये, म्हणजे अपुऱ्या गेमच्या आगाऊ ओळखीत, क्वचितच वाचायला मिळते.

खडूस_खान्देशी (नंदुरबार)

माझा या कल्पनेलाच विरोध आहे. प्रीव्ह्यू म्हणजे फुकटची जाहिरात, मग ती कितीही सावधपणे लिहिलेली असो. ‘होतकरू’ हे विशेषण लावले की वाचकाने निम्मा निर्णय घेतलेलाच असतो.

‘द डे बिफोर’चे उदाहरण घ्या. स्टीमवर सर्वाधिक विशलिस्ट झालेल्या (पुढे घ्यायच्या यादीत टाकलेल्या) गेमपैकी तो एक होता. सर्वांसाठी खुला डेमो नव्हता, होते ते ट्रेलर. ७ डिसेंबर २०२३ रोजी तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये विक्रीला आला, ११ डिसेंबरला स्टुडिओने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्व्हरही बंद झाले. खेळाडूंना पैसे परत मिळाले हे खरे, पण त्याआधी त्या ट्रेलरवर ज्यांनी पानेच्या पाने लिहिली त्यांचे काय? २०१६ साली ‘नो मॅन्स स्काय’ आला तेव्हाही, प्रकाशनापूर्वीच्या मुलाखतींत जे सांगितले गेले आणि लोकांच्या हाती जे पडले, त्यांतले अंतर पाहून लोक संतापले होते. पुढे त्या चमूने अनेक वर्षे मोफत अपडेट देऊन गेम सुधारला, हे मी मान्य करतो, पण ते पहिल्या दिवशीच्या ग्राहकाच्या कामाचे नव्हते.

आणि हे फक्त लहान मंडळींबाबत घडते असेही नाही. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या प्रकाशकाच्या पाठबळावर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, वसाहती आणि मल्टीप्लेअर यांचा रोडमॅप (पुढच्या कामांचा आराखडा) दाखवला गेला, आणि २०२४ साली तो बनवणारा स्टुडिओच बंद करण्यात आला. रोडमॅपवर विश्वास ठेवून लिहिणारा माणूस वाचकाचे नुकसान करतो.

पाटणादेवी (चाळीसगाव)

@खडूस_खान्देशी, आपली तिन्ही उदाहरणे खरी आहेत, पण पहिली दोन माझ्या मते धागाकर्त्याच्याच बाजूने बोलतात. त्या दोन्ही वेळी लोकांनी खेळून पाहिलेल्या गोष्टीवर नव्हे, तर दाखवलेल्या गोष्टीवर लिहिले होते.

उलट बाजूची उदाहरणेही ठेवते. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. या काळात कथेचा खरा शेवट गेममध्ये नव्हताच, आणि पुढचे मोठे अपडेट कधी येणार याची उलटी गणती मुख्य मेनूवरच दिसत असे. म्हणजे काय नाही हे खेळाडूला गेम उघडताक्षणी कळत होते. ‘स्ले द स्पायर’ नोव्हेंबर २०१७ मध्ये आला तेव्हा त्यात दोनच पात्रे होती, विक्रीही सुरुवातीला मंद होती. मात्र पत्ते निवडण्याची आणि शत्रूची पुढची चाल आधीच दिसण्याची जी मूळ रचना आहे, ती पहिल्या दिवसापासून तिथे होती. त्या वेळी कोणी काळजीपूर्वक खेळून लिहिले असते तर त्याला कोणतेही भाकीत करावे लागले नसते. ‘सबनॉटिका’ डिसेंबर २०१४ पासून जानेवारी २०१८ पर्यंत अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता, आणि खेळता खेळता एक कळ दाबून अभिप्राय पाठवण्याची सोय त्यात होती.

माझा मुद्दा एवढाच की होतकरू गेमचा गाभा लवकर दिसतो. चित्रे, आवाज, पात्रे, नकाशे यांची भर पुढे पडते. गाभ्यातच मजा नसेल तर रोडमॅप कितीही लांब असो, त्याने फरक पडत नाही.

केळीवाला_नाना (रावेर)

मला गेममधले फारसे कळत नाही, नातू खेळतो म्हणून इथे वाचायला येतो. पण हा व्यवहार आमच्या ओळखीचा वाटला. केळीचा व्यापारी माल उभा असतानाच बागेत येतो. शेतकरी त्याला पुष्कळ काही सांगतो, पण तो ऐकून घेतो आणि घडाकडे बघतो. फण्या किती, पानांवर करपा आहे का, झाडांना टेकू दिला आहे का, पाण्याची सोय कशी आहे, एवढे बघून तो बोलतो. बागेत न जाता फोनवर भाव ठरवणारा एखाद्या हंगामात बुडतो. गिरणाकाठ यांनी बागेत जाऊन लिहावे, घरी बसून लिहू नये.

एकओळ्या

नाना, नेक्स्ट फेस्टमध्ये एकाच आठवड्यात हजारो बागा असतात, आणि टेकू मात्र सगळ्यांना दिलेला असतो.

मुक्काम_पुणे (मूळ शहादा)

नानांचे म्हणणे पटले, पण एका ठिकाणी ते लागू होत नाही. केळीचे पीक कोणत्या महिन्यात कोणत्या अवस्थेत असावे हे ठरलेले आहे. व्यापाऱ्याने आधी शेकडो बागा पाहिलेल्या असतात आणि शेवटी काय हाती येणार हे त्याला ठाऊक असते. गेमचे तसे नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने साडेचार वर्षे खपून २०१६ साली पूर्ण केला आणि अपुरा गेम विकायचा नाही असे ठरवून अर्ली अ‍ॅक्सेसची वाट टाळली. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ डिसेंबर २०२१ मध्ये अगदी साध्या चित्रांसह अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि वर्षभराच्या आत पूर्ण झाला. या दोन गेमसाठी एकच दिनदर्शिका लावता येत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो, गेमचे नव्हे, पण सवय तीच आहे. डेमो खेळताना मी दोन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत गेम सांगेल तसे निमूटपणे खेळतो. दुसऱ्या फेरीत मुद्दाम आडमुठेपणा करतो: संवाद चालू असताना बाहेर पडतो, दाराकडे न जाता भिंतीला चिकटतो, शत्रूशी लढण्याऐवजी पळत सुटतो, मध्येच कंट्रोलर काढून कीबोर्ड वापरतो. यातून बग सापडतात, पण त्यांची यादी प्रीव्ह्यूत देण्यासारखी नसते, कारण त्यांतले बहुतेक पुढे जातात. पाहायचे असते ते वेगळेच. खेळाडू अनपेक्षित वागला तर गेमकडे त्याचे काही उत्तर आहे का, की आखून दिलेल्या वाटेबाहेर सगळे पोकळ आहे? ज्या गेममध्ये अशा आगाऊपणालाही काहीतरी गमतीदार प्रतिसाद मिळतो, तो गेम बनवणाऱ्याने खेळणाऱ्याचा विचार केलेला असतो. माझ्यापुरती होतकरूपणाची खूण ही आहे.

यार्डमास्तर (भुसावळ)

@मुक्काम_पुणे, दुसऱ्या फेरीची कल्पना उत्तम आहे. तिसरी फेरी आठवड्याने करावी. डेमो पुन्हा उघडावासा वाटतो की आठवण करून द्यावी लागते, हेही प्रीव्ह्यूत नोंदवता येईल.

लळिंगची_वाट (धुळे)

मी आणि माझा एक मित्र नोकऱ्या सांभाळून एक लहान गेम बनवत आहोत. त्याचे नाव मी इथे घेणार नाही, कारण हा धागा त्यासाठी नाही. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे डेमो आणि गेम यांचे नाते वाटते तितके सरळ नसते. पुष्कळदा निर्माते प्रकाशकाला किंवा लोकांना दाखवण्यासाठी गेमचा एकच लहानसा तुकडा पूर्ण सजवतात. त्याला आमच्यात व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. त्यात चित्रे, संगीत, सगळे अंतिम दर्जाचे असते, आणि उर्वरित गेम त्या वेळी कागदावरही नसू शकतो. याउलट ग्रेबॉक्स बिल्डमध्ये (बिल्ड म्हणजे त्या त्या वेळची खेळता येणारी आवृत्ती) करड्या ठोकळ्यांच्या भिंती आणि चेहरा नसलेली पात्रे असतात, पण कदाचित गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो. देखणा तुकडा पाहून लेखक भारावतात आणि करड्या ठोकळ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, मात्र पूर्ण होण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त असते. समोर आहे ते यांपैकी काय आहे, हे प्रीव्ह्यू लिहिणाऱ्याने निर्मात्याला सरळ विचारावे. लपवण्यासारखे काही नसेल तर तो सांगतो.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. एक गेम एकाच नेक्स्ट फेस्टमध्ये भाग घेऊ शकतो. त्यामुळे डेमो कधी बाहेर काढायचा हा लहान चमूसाठी मोठाच निर्णय असतो, आणि त्या आठवड्यात छापून आलेल्या चार ओळींनीही विशलिस्टवर परिणाम होतो. गेम प्रसिद्ध झाला की विशलिस्ट केलेल्यांना स्टीमकडून सूचना जाते, म्हणून तो आकडा आमच्यासाठी महत्त्वाचा असतो. स्टीमवर गेम ठेवण्यासाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि १,००० डॉलरची विक्री झाल्यावर ते परत मिळतात. ज्यांचे ते शंभर डॉलरही सुटत नाहीत, असे गेम पुष्कळ असतात.

तिसरी गोष्ट माझ्या कळकळीची आहे. प्रीव्ह्यूवर बिल्डची तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक टाका. इंटरनेटवरचे लेखन मरत नाही. आमचा अगदी सुरुवातीचा बिल्ड आम्ही इच.आयओ या संकेतस्थळावर मोफत ठेवला होता, आणि त्याचा कोणी केलेला व्हिडिओ आजही शोधात सर्वांत वर येतो, जरी त्यातले एकही चित्र आता गेममध्ये उरलेले नाही. मधल्या काळात आम्ही ज्यावर गेम बनतो ते इंजिनही बदलले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनच्या कंपनीने इन्स्टॉलच्या संख्येवर शुल्क आकारण्याचे जाहीर केल्यावर आम्ही गोडो या मोफत इंजिनकडे वळलो. ते शुल्क वर्षभराने रद्द झाले, पण तोवर आमचे काम नव्याने सुरू झाले होते. बाहेरून पाहणाऱ्याला या काळात आमची काहीच प्रगती दिसली नसणार.

खडूस_खान्देशी (नंदुरबार)

लळिंगची_वाट यांचा प्रतिसाद आवडला. माझा विरोध मावळलेला नाही, पण आता तो एका मुद्द्यापुरता सांगतो. प्रकाशनाची तारीख प्रीव्ह्यूत कधीही लिहू नये. ‘सिल्कसाँग’ या गेमची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली, त्याच वर्षी ई३ या गेमच्या प्रदर्शनात पत्रकारांनी त्याचा डेमो खेळून चांगलेच लिहिले, आणि गेम हाती आला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या लेखकांनी खेळण्याविषयी जे लिहिले ते चुकीचे नव्हते, तरी ‘लवकरच’ या भरवशावर लोक सहा वर्षे थांबले.

शाळेतल्या_बाई (अमळनेर)

मी शिक्षिका आहे आणि माझा मुलगा बारावीला आहे. मला वेगळी अडचण दिसते. आमच्याकडे ‘गेम’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे रमी आणि पैसे लावायचे अ‍ॅप येतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण वर्षानुवर्षे जाहिराती त्याच होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला, त्यानंतर तर घरी कोणी गेम विकत घेतला म्हटले की काहीतरी बेकायदा घडते आहे असा समज होतो. वास्तविक तो कायदा ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम यांना वेगळे ठेवतो. गिरणाकाठ यांनी प्रत्येक प्रीव्ह्यूच्या आरंभी दोन ओळींत सांगावे की हा गेम एकदाच पैसे देऊन घ्यायचा आहे का, आत आणखी खरेदी आहे का, आणि तो कोणत्या वयासाठी योग्य वाटतो. अपुऱ्या गेममध्ये आतली खरेदी पुढे येण्याची शक्यता असेल तर तेही विचारून घ्यावे.

आणि विकत घेतलेला गेम परत करता येतो ही गोष्ट मला मुलाकडून कळली. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देते, अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या गेमलाही हे लागू आहे. पालकांसाठी ही माहिती गेमच्या कथानकापेक्षा महत्त्वाची आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

बाई, आपली सूचना शिरोधार्य. या बाजूने मी विचारच केला नव्हता.

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक शंका अधिक टोकदार झाली आहे. आपल्याकडच्या गेमविषयी लिहिताना हात सैल सोडावा का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांना अपेक्षित रक्कम मिळाली नाही, तरी त्यांनी काम चालू ठेवले, २०२० साली गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. अशा टप्प्यावर कोणी फटकळ प्रीव्ह्यू लिहिला असता तर? भारतीय गेमना पाठबळ देणाऱ्या सोनीच्या इंडिया हीरो प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या गेममध्ये संग्रहालयात घडणारा ‘मुक्ती’ आहे, ‘फिशबोल’ आहे. असे गेम पाहिले की मन आपोआप पक्षपाती होते.

पाटणादेवी (चाळीसगाव)

सैल सोडू नये असे मला वाटते. ‘वेन्बा’ हा टोरांटोतल्या चमूने बनवलेला, तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघराविषयीचा गेम २०२३ साली आला. त्याच्या कौतुकात आपली माणसे, आपला पदार्थ याचा वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही, पण मला तो लक्षात राहिला तो त्यातल्या कोड्यांमुळे: पाककृतीची वही फाटलेली असते आणि गाळलेल्या पायऱ्या अंदाजाने भरायच्या असतात. विषय आणि खेळणे यांचा असा सांधा जुळला की कौतुक करायला सवलत लागत नाही. नुसते मंदिर, नुसता किल्ला किंवा नुसती नऊवारी दिसली म्हणून टाळ्या वाजवणे हा त्या निर्मात्यांचाच अपमान आहे.

एकओळ्या

आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणावर कोणी गेम काढला तर मात्र मी डोळे मिटून विशलिस्ट करीन, आणि त्यातले पहिले वाक्य अहिराणीतले ‘काय करी ऱ्हायना भो’ असेच हवे.

मुक्काम_पुणे (मूळ शहादा)

@पाटणादेवी, तत्त्व म्हणून मान्य आहे, व्यवहारात नाही. मोठ्या परदेशी इंडी गेमवर शंभर जण लिहितात. त्यांतला एक फटकळ निघाला तर नव्याण्णव उरतात. आपल्याकडच्या दोन माणसांच्या चमूवर मराठीत कदाचित एकच लेख येईल, आणि तोच कडक असेल तर त्यांच्या वाट्याला दुसरा काही येणार नाही. म्हणून माझे म्हणणे असे की डेमो अगदीच कच्चा असेल तर त्यावर लिहूच नये. निर्मात्याला खासगीत कळवावे आणि पुढच्या बिल्डची वाट पाहावी. वाईट लिहिण्यापेक्षा न लिहिणे हाही पर्याय आहे.

लळिंगची_वाट (धुळे)

नको. न लिहिण्याची दया आम्हाला महाग पडते. कोणी काही लिहिले नाही तर आम्ही समजतो की लोकांपर्यंत पोहोचलोच नाही, आणि त्याच चुका घेऊन पुढे जातो. ‘पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे ते समजले नाही’ असे एक स्पष्ट वाक्य आमच्या अनेक रात्री वाचवते. फक्त ते पहिल्या दहा मिनिटांविषयी आहे आणि कोणत्या बिल्डविषयी आहे एवढे लिहा. मित्रांकडून ‘भारी आहे’ एवढेच ऐकायला मिळते, आणि त्याचा आम्हाला काडीचाही उपयोग होत नाही.

केळीवाला_नाना (रावेर)

नातवाला विचारले. तो म्हणतो, धुळ्याच्या भाऊंचे बरोबर आहे.

खडूस_खान्देशी (नंदुरबार)

पैशांच्या आणि फुकट मिळणाऱ्या कीच्या (गेम मिळवून देणाऱ्या सांकेतिक क्रमांकाच्या) विषयाला अजून कोणी हात घातलेला नाही. निर्माते लेखकांना मोफत की देतात. भारतात जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, फुकट मिळालेल्या वस्तूविषयी समाजमाध्यमांवर लिहिताना तो संबंध जाहीर करणे अपेक्षित आहे. गिरणाकाठ यांना ते लागू होते की नाही या कायदेशीर काथ्याकुटात मी पडत नाही. गेम विकत घेतला, डेमो खेळला की निर्मात्याने की दिली, हे वाचकाला कळलेच पाहिजे. आणि बंद प्लेटेस्टमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) खेळला असेल, तर निर्मात्याने ज्या गोष्टी सांगू नका म्हटले आहे त्यांमुळे काय लिहिता आले नाही, निदान तसे काही आहे एवढे तरी, नमूद करावे.

यार्डमास्तर (भुसावळ)

यात भर घालतो. स्टीमच्या अर्ली अ‍ॅक्सेसच्या पानावर निर्मात्यांना काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: अपुरा गेम का विकता, किती काळ हे चालेल, पूर्ण आवृत्तीत काय वेगळे असेल, किंमत वाढेल का. तिथेच खरेदीदाराला सूचना असते की सध्याच्या अवस्थेत खेळण्याची उत्सुकता नसेल तर थांबावे. ही उत्तरे पुष्कळ जण वाचतच नाहीत. प्रीव्ह्यूत त्यांचा सारांश मराठीत आला तरी मोठे काम होईल. शिवाय २०२५ पासून, वर्षभराहून अधिक काळ अपडेट न आलेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर स्टीम तशी सूचना दाखवते. लिहिण्याआधी तेवढे पाहून घ्यावे.

निर्माते स्वतः काय बोलतात हेही पाहण्यासारखे असते. ‘मॅनर लॉर्ड्स’ मुख्यतः एका माणसाने अनेक वर्षे खपून बनवलेला गेम, आणि त्याच्या विशलिस्टचा आकडा तीस लाखांच्या वर गेला होता. एप्रिल २०२४ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेस सुरू होण्याच्या तोंडावर त्याने स्वतःच लोकांना सांगितले की हा ‘टोटल वॉर’ या लढायांच्या गेमचा स्पर्धक नाही, लढाया हा त्याचा एक भाग आहे आणि बहुतांश वेळ वस्ती वसवण्यात जातो. अपेक्षा वाढवणारे पुष्कळ भेटतात, उतरवणारे थोडे.

पाटणादेवी (चाळीसगाव)

मूळ तीन प्रश्नांकडे परत येऊ या. कोणत्या टप्प्यावर, याचे उत्तर मला तरी मिळाले: अनोळखी माणसाने मार्गदर्शनाशिवाय खेळावा असा बिल्ड निर्मात्याने स्वतःहून खुला केला की. त्याआधी नुसता ट्रेलर असेल तर बातमी लिहावी, प्रीव्ह्यू नव्हे. होतकरूपणाच्या खुणा वर पुरेशा आल्या आहेत. राहिला ‘घ्या किंवा थांबा’ हा प्रश्न, आणि तिथे माझे धागाकर्त्याशी जमत नाही. डेमो मोफत असेल तर निकाल नको, हे ठीक. पण गेम पैसे घेऊन विकला जात असेल तर तो अपुरा असला तरी विकाऊ माल आहे, आणि आजच्या किमतीला आज जे मिळते ते पुरेसे आहे का, हे लेखकाने सांगितलेच पाहिजे. ‘फॅस्मोफोबिया’ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये असतानाच २०२० साली पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, म्हणजे परीक्षकांनी अपुऱ्या गेमवर निकाल दिलाच की.

शाळेतल्या_बाई (अमळनेर)

पाटणादेवीशी सहमत. मुलाने पैसे मागितले तर मला हो किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते.

गिरणाकाठ (जळगाव)

हे पटले, आणि माझे मूळ मत मी त्यानुसार बदलतो. मोफत डेमोवर निकाल नाही. विकत घ्यायच्या गेमवर आजच्या किमतीपुरता आणि आजच्या बिल्डपुरता निकाल असेल.

लिहिण्याची पद्धत साधारण अशी ठेवीन. आरंभी संगणक, बिल्डची तारीख, आवृत्ती, गेम कसा मिळाला आणि खरेदीविषयी पालकांसाठीच्या ओळी. त्यानंतर मी प्रत्यक्ष काय केले याचे वर्णन, आडमुठेपणाच्या फेरीसह. निर्मात्याची आश्वासने शेवटी, वेगळ्या चौकटीत, प्रकाशनाच्या तारखेशिवाय. गेम पूर्ण झाला किंवा बंद पडला की जुन्या लेखाखाली नवी नोंद घालीन, मूळ मजकूर न बदलता. सुरुवात येत्या नेक्स्ट फेस्टमधल्या डेमोंपासून करीन, कारण ते सर्वांना फुकट खेळून माझे म्हणणे ताडून पाहता येईल. लळिंगची_वाट यांचा गेम त्यात असेल तर त्यांनी मला तो कोणता हे सांगू नये.

लळिंगची_वाट (धुळे)

सांगणार नाही. आमचा डेमो तेव्हा तयार असेल की नाही, हे आम्हालाच सांगता येत नाही.

खडूस_खान्देशी (नंदुरबार)

पद्धत ठीक आहे, पण एक अट घाला. लेखातली सगळी चित्रे स्वतः खेळताना काढलेली असावीत. निर्मात्याने प्रसिद्धीसाठी दिलेल्या प्रेस किटमधले एकही चित्र नको, कारण ती चित्रे निवडताना कॅमेरा हवा तिथे हलवलेला असतो आणि पडद्यावरची बटणे झाकलेली असतात. एवढे पाळलेत तर पहिले काही लेख मी वाचीन, आणि तेच डेमो खेळून तुमच्या प्रत्येक लेखाखाली हरकती नोंदवीन.

गिरणाकाठ (जळगाव)

अट मान्य आहे. हरकतींची वाट पाहतो.